अकरावीतच कॉलेजची क्रेडिट्स: रनिंग स्टार्ट की एपी? (वॉशिंग्टन राज्य, पण इतर राज्यांतले अनुभवही हवेत)

पाऊसवेल (धागाकर्ती) | 3 मार्च, रात्री 9:40

नमस्कार. आम्ही सिएटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये राहतो. लेक दहावीत आहे. परवा शाळेत पालकांसाठी माहितीसभा झाली आणि तेव्हापासून घरात जेवताना दुसरा विषय नाही.

बाहेरच्या राज्यांतल्या लोकांसाठी सांगते. इथे रनिंग स्टार्ट नावाची योजना आहे, 1990 च्या कायद्याने आलेली. अकरावी-बारावीतली मुलं शाळा सांभाळून, किंवा पूर्णवेळ शाळेऐवजी, कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमध्ये) जाऊन शिकतात. कॉलेजची ट्यूशन फी भरावी लागत नाही. पुस्तकं, किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. शिकलेला विषय दोन्हीकडे धरतात, शाळा पूर्ण करायला आणि पुढे पदवीलाही. विषय पूर्ण केला की पदवीसाठी जे मोजतात ते क्रेडिट, आणि कॉलेजची 5 क्रेडिट्स म्हणजे शाळेचं 1. शाळेत वर्षभर चालणारा विषय कॉलेजात एका क्वार्टरमध्ये, म्हणजे दहा-अकरा आठवड्यांत संपतो. वर्षातल्या तिन्ही क्वार्टरना 15-15 क्रेडिट्स घेतली तर दोन वर्षांत 90 होतात आणि बारावी संपताना हातात असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, असते.

दुसरा रस्ता एपीचा (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय). शाळेतच तो विषय वर्षभर शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची, 1 ते 5 मध्ये गुण मिळतात, आणि ते बघून कॉलेज क्रेडिट द्यायचं की नाही ते ठरवतं. परीक्षेची फी विषयामागे जवळपास 100 डॉलर.

साताऱ्याला आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, अकरावी म्हणजे कॉलेजच की!" तिच्या डोळ्यांसमोर आपलं ज्युनियर कॉलेज. तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की मलाही हे पुरतं कळलेलं नाही. आपण अकरावीला कॉलेजात गेलो तरी ते मार्क बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेत आले नाहीत. इथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची ग्रेड कॉलेजच्या कागदावर कायमची बसणार. मला याचा आनंदही होतो आणि धास्तीही वाटते.

नवऱ्याचं मत आहे, सगळंच रनिंग स्टार्ट घ्यावं, दोन वर्षांची फी वाचेल. लेक शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते, तिला ते सोडायचं नाही. शाळेला एप्रिलअखेर सांगायचं आहे. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी खरं काय झालं ते सांगा.

---

ऑस्टिनकर | 3 मार्च, रात्री 10:25

आमच्या टेक्सासात याला ड्युअल क्रेडिट म्हणतात. बहुतेक वेळा वर्ग शाळेतच भरतो, शिक्षकही शाळेचेच, फक्त त्यांना कॉलेजची मान्यता असते. थोरलीने इंग्लिश 1301 आणि 1302, अमेरिकेचा इतिहास 1301 आणि 1302, आणि गव्हर्नमेंट 2305 एवढं शाळेत असतानाच केलं. पंधरा तास (इथे क्रेडिटला तास म्हणतात), म्हणजे एक पूर्ण सेमिस्टर. राज्यातल्याच सरकारी विद्यापीठात गेली, सगळंच्या सगळं धरलं गेलं. कारण पहिल्या दोन वर्षांच्या विषयांना इथे राज्यभर सामाईक क्रमांक आहेत आणि 42 तासांचा कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे विषय, ठरलेला आहे.

मुलगी राज्यातच राहणार असेल तर डोळे मिटून घ्या. ताई, तुमच्या यजमानांचं बरोबर आहे.

---

एडिसनवासी | 3 मार्च, रात्री 11:50

ऑस्टिनकर, तुमच्या वाक्यातला "राज्यातच राहणार असेल तर" हा भाग मी चार वर्षांपूर्वी नीट ऐकायला हवा होता.

आमच्या मुलाने शाळेत असताना काउंटी कॉलेजची 28 क्रेडिट्स केली. दोन उन्हाळे त्याने त्यात घातले. नंतर दुसऱ्या राज्यातल्या एका खाजगी विद्यापीठात प्रवेश मिळाला, मुलाला तेच हवं होतं. ऑगस्टमध्ये कळलं, 28 पैकी 8 धरली. दोन विषय त्यांनी नाकारले, कारण ते शाळेच्या पदवीसाठीही वापरले होते. त्यांचा नियमच तसा होता. एक नाकारला कारण वर्ग शाळेच्या इमारतीत भरला होता. बाकीची "इलेक्टिव्ह" म्हणून नोंदली. म्हणजे कागदावर दिसतात, पण मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) किंवा सक्तीच्या विषयांसाठी त्यांचा उपयोग नाही. 8 मध्येसुद्धा उपयोगी पडलेला विषय एकच, इंग्लिश.

त्यांनी काही लपवलं नव्हतं, सगळं त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेलं होतं. मी मात्र सगळ्यांना "क्रेडिट चालतं का?" एवढंच विचारत राहिलो. सगळे हो म्हणाले, आणि ते खरंच होतं. विचारायला हवं होतं, "हे क्रेडिट कशाच्या बदल्यात धराल?" या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. शाळेच्या काउन्सेलरला दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचा नियम माहीत असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

---

शेवंती | 4 मार्च, सकाळी 7:15

एपीबद्दलही हेच लक्षात ठेवा. इलिनॉयमध्ये कायदाच आहे, सरकारी कॉलेजांनी 3 गुणांनाही क्रेडिट द्यायला हवं. याउलट कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, डार्टमथने 2014 पासून बंद केलं. बऱ्याच नामांकित ठिकाणी 5 गुण मिळवून फक्त वरच्या वर्गात बसायची मुभा मिळते, पदवीची क्रेडिट्स कमी होत नाहीत. माझ्या भाचीला तेवढंही पुरेसं झालं. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग टाळून ती थेट पुढच्या वर्गात गेली आणि खूश होती.

---

कंसातलं गणित | 4 मार्च, रात्री 8:30

मी गेली अकरा वर्षं एका कम्युनिटी कॉलेजमध्ये गणित शिकवतो (राज्य सांगत नाही). माझ्या प्रत्येक वर्गात शाळेतली पाच-सात मुलं असतात. वर्गाच्या या बाजूने काय दिसतं ते लिहितो. जरा लांबेल.

पहिली गोष्ट वेगाची. पाऊसवेल यांनी दहा आठवडे लिहिलं ते पालक वाचतात आणि पुढे जातात. दहा आठवड्यांचा अर्थ असा की पहिली परीक्षा तिसऱ्या आठवड्यात. एखादं मूल आठवडाभर तापाने पडलं तर विषयाचा दहावा हिस्सा गेला. शाळेत शिक्षक घरी कळवतात, गृहपाठ उशिरा घेतात, पुन्हा परीक्षा देऊ देतात. माझ्या अभ्यासक्रमाच्या पत्रकात पहिल्याच दिवशी तारखा छापलेल्या असतात आणि त्या हलत नाहीत. हुशार मुलं गणितात मागे पडत नाहीत, ती या तारखांत अडखळतात. सवय झाली की दुसऱ्या क्वार्टरपासून तीच मुलं वर्गात पुढे असतात, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट पालकांच्या ईमेलची. आपल्याकडच्या पालकांचे खूप येतात. आडनाव वाचलं की मला कळतं, किती काळजीने लिहिलंय तेही कळतं, आणि मला उत्तर देता येत नाही. फेर्पा नावाचा केंद्राचा कायदा आहे. कॉलेजात नाव घातलं की तिथल्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा होतो, मग वय सोळा का असेना. शाळेकडच्या नोंदी तुम्हाला तुमच्या हक्काने बघता येतात. पण माझ्या वर्गात ती नापास होतेय का, हे तुम्ही मला विचारलंत तर मी काही सांगू शकत नाही. तिनेच येऊन विचारायला हवं. म्हणून मी ओळखीच्यांना नेहमी एकच कसोटी सांगतो: तुमचं मूल अनोळखी मोठ्या माणसाच्या दारावर टकटक करून "मला हे समजलं नाही" असं म्हणू शकतं का? म्हणत असेल तर पाठवा. नसेल तर एक वर्ष थांबा, किंवा एकच सोपा विषय घेऊन बघा.

तिसरी गोष्ट, सोडायच्या तारखा. क्वार्टर सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत वर्ग सोडला तर नोंदच राहत नाही. त्यानंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रिकेवर) डब्ल्यू, म्हणजे "वर्ग सोडला" अशी खूण, येतो. तीही मुदत गेली तर जी ग्रेड पडेल ती पडेल. कॉलेजच्या कॅलेंडरवर या दोन तारखा लाल शाईने लिहून ठेवा. नापास झालेले आणि अर्धवट सोडलेले वर्ग पुढे सरकारी आर्थिक मदत घेताना "समाधानकारक प्रगती" मोजण्यातही धरले जाऊ शकतात. सतराव्या वर्षी केलेल्या गोष्टीचा हिशेब विसाव्या वर्षी मागितला गेला की मुलांना धक्का बसतो.

आणि माझ्या विषयापुरतं: क्रेडिट मिळालं म्हणून कॅल्क्युलसचे दोन वर्ग ओलांडून तिसऱ्यात बसायची घाई करू नका. इंटिग्रेशन कच्चं असेल तर ते तिसऱ्या वर्गात उघडं पडतं, आणि तिथे ते पुन्हा शिकवायला कोणाला वेळ नसतो.

---

दुर्वा | 4 मार्च, रात्री 9:05

सर, मनापासून आभार. मी तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला जोडून लिहिते, कारण आमच्या घरात हे घडलंय.

मुलीला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं आहे. अकरावीत तिने कॉलेजचं केमिस्ट्री घेतलं. त्याच क्वार्टरला आम्ही घर बदललं, माझे सासरे आजारी होते, मी महिनाभर नाशिकला. तिला सी मिळाला. आम्ही म्हटलं, जाऊ दे, अजून तर शाळेतच आहे.

आता ती मेडिकलच्या अर्जाची तयारी करतेय (इथे मेडिकलला पदवीनंतर जातात). एएमसीएएस या सामाईक अर्जात शाळेत असताना केलेला प्रत्येक कॉलेजचा वर्ग लिहावा लागतो, त्याचं ट्रान्सक्रिप्ट पाठवावं लागतं आणि ग्रेड विज्ञानाच्या सरासरीत धरली जाते. म्हणजे चार वर्षं ए मिळवणाऱ्या मुलीच्या सरासरीत सोळाव्या वर्षीचा तो सी अजून आहे. एपीच्या परीक्षेत कमी गुण पडले असते तर ते कुठे पाठवायची सक्ती नव्हती. हा फरक मला तेव्हा कोणी समजावला असता तर मी केमिस्ट्री एपीतूनच घ्यायला लावलं असतं.

शिवाय काही मेडिकल कॉलेजं पायाभूत विज्ञान एपीतून झालेलं मानत नाहीत, त्यांना ते कॉलेजातच केलेलं हवं असतं. म्हणजे डॉक्टर व्हायचं असेल तर विज्ञानाचे विषय शाळेतच उरकून घेण्यात फारसा फायदा नाही. इतिहास, इंग्लिश, मानसशास्त्र घ्या खुशाल.

---

मंडईतून मिनियापोलिस | 5 मार्च, सकाळी 6:50

मिनेसोटात हीच योजना पीएसईओ नावाने 1985 पासून आहे, देशात पहिली. आमच्याकडे पुस्तकंही फुकट मिळतात. मुलाने बारावीत तीन विषय घेतले, उत्तम झालं. हिवाळ्यात बर्फातून गाडी चालवत जाणं हा एकच त्रास.

---

नवखा पुणेकर | 5 मार्च, दुपारी 1:10

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला येतोय, मुलगा नववीत जाईल. दोन-तीन वर्षांत परत यावं लागू शकतं. अशा वेळी यातलं काय घ्यावं?

---

शेवंती | 5 मार्च, दुपारी 4:30

@नवखा पुणेकर, तुमच्यासाठी एपी. कम्युनिटी कॉलेजचं क्रेडिट त्या राज्याच्या आसपास जास्त चालतं. एपीचा पेपर सगळीकडे सारखा, त्यामुळे गुण घेऊन कुठेही जाता येतं. भारतातही काही शाळांमध्ये परीक्षेची केंद्रं आहेत. मात्र भारतात पदवीला प्रवेश घेताना बारावीची समकक्षता वेगळी बघावी लागेल, नुसत्या एपीवर भिस्त ठेवू नका. नववीत काहीच करू नका, मुलाला आधी शाळेत रुळू द्या.

(एपीच्या भाषांमध्ये चिनी, जपानी, इटालियन, लॅटिनसुद्धा आहे. हिंदी नाही, मग मराठीचं तर नावच नको. एवढी आपली मुलं इथे शिकतात, याचं मला फार वाईट वाटतं.)

---

खाडीपलीकडे | 5 मार्च, रात्री 10:00

कॅलिफोर्नियाचं थोडक्यात. शाळेतल्या मुलांना कम्युनिटी कॉलेजं साधारण 11 युनिटपर्यंत (इथे क्रेडिटला युनिट म्हणतात) फी माफ करतात. कोणता वर्ग कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजनिहाय बघता येतं. एडिसनवासी म्हणतात तो प्रश्न इथे आधीच सोडवून ठेवला आहे. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एपीच्या 3 गुणांनाही युनिट देतं, पण ते युनिट इंजिनिअरिंगच्या विषयाऐवजी धरायचं की नाही, हे प्रत्येक कॅम्पस आणि विभाग ठरवतो.

एक भीती काढून टाका: शाळेत असताना कितीही युनिट्स जमली तरी यूसीत अर्ज फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, म्हणूनच होतो.

---

हिवरा | 7 मार्च, रात्री 12:20

मी बावीस वर्षांचा आहे. आईने हा धागा दाखवला आणि म्हणाली, तू लिही. मी पाऊसवेल काकूंच्याच राज्यात दोन्ही वर्षं पूर्णवेळ रनिंग स्टार्ट केलं. 90 क्रेडिट्स, असोसिएट डिग्री, नंतर इथल्याच सरकारी विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग.

आधी हिशेब. घरच्यांना वाटलं होतं की पदवी दोन वर्षांत होईल. तीन लागली. कारण मी जी असोसिएट डिग्री घेतली ती डीटीए, म्हणजे सगळ्या शाखांसाठीची सर्वसाधारण. तिने माझे इंग्लिश, समाजशास्त्र, कला वगैरे विषय संपवले. पण इंजिनिअरिंगमध्ये एकामागे एक साखळी असते. गणित& 151, 152, 163, मग त्याला धरून फिजिक्स& 221, 222, 223, मग स्टॅटिक्स, मग पुढचं. आधीची कडी झाल्याशिवाय पुढची मिळत नाही. मी पहिल्या वर्षी मोकळ्या वेळेला बसतील ते वर्ग घेत गेलो आणि गणित उशिरा सुरू केलं. इंजिनिअरिंगसाठी एएस-टी ट्रॅक 2 नावाची वेगळी डिग्री आहे हे मला बारावीच्या ऑक्टोबरात कळलं. नावात & असलेले वर्ग राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारखे असतात, ते आधी निवडा.

तीन वर्षं लागली तरी एक वर्ष वाचलंच, आणि बाबांवर कर्ज झालं नाही. मला त्याचा खूप अभिमान आहे. क्रेडिट्स जास्त असल्यामुळे वर्ग निवडायची पाळी लवकर यायची, हाही मोठा फायदा.

आता जे माहितीसभेत सांगत नाहीत ते. अकरावीच्या डिसेंबरपर्यंत मी दुपारचा डबा बहुतेक गाडीत बसून खाल्ला. शाळेतल्या मित्रांचं जेवण साडेअकराला, तेव्हा माझा वर्ग. कॉलेजातले लोक वर्ग संपला की कामावर पळायचे. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. मी कोणाचा नव्हतो, एवढंच. हे मी आईला तेव्हा सांगितलं नाही. तिला आज हे वाचूनच कळेल.

मग जानेवारीत फिजिक्सच्या लॅबमध्ये माझी जोडीदार एक बाई होत्या, दोन मुलांची आई. रात्री वृद्धांच्या केंद्रात काम करून सकाळी आठच्या लॅबला यायच्या. मी पहिल्या आठवड्यात तयारी न करता गेलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्याकडे याच दोन तासांची सवड आहे, तू वाचून आलास तर आपलं दोघांचं होईल. त्यानंतर मी एकदाही न वाचता गेलो नाही. माझ्या शाळेत मला असं कोणी भेटलं नसतं. त्या आता रेडिओलॉजी टेक्निशियन आहेत, आम्ही अजून बोलतो.

काकू, तुमच्या मुलीला ऑर्केस्ट्रा सोडायचा नाही हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. माझ्या मते ती ओळ पहिली हवी होती. मी तबला आणि शाळेचा बँड दोन्ही सोडलं. तबला परत सुरू केला, पण बँडचे ते मित्र गेले ते गेलेच. सगळंच एकदम घ्यायची गरज नाही, क्वार्टरला एक वर्ग घेऊनही रनिंग स्टार्ट होतं.

---

ऑस्टिनकर | 7 मार्च, सकाळी 8:00

हिवरा, तुझं वाचून मी आमच्या धाकट्याला आज सकाळी विचारलं, दुपारी कोणाबरोबर जेवतोस. "डोळे मिटून घ्या" हे माझं वाक्य मागे घेतो.

---

दुर्वा | 7 मार्च, सकाळी 9:20

हिवरा, तुझी आई काय म्हणाली?

---

हिवरा | 7 मार्च, रात्री 11:45

काही नाही. रात्री थालीपीठ केलं आणि माझ्यासमोर बसून राहिली.

---

पाऊसवेल (धागाकर्ती) | 19 एप्रिल, रात्री 10:15

उशिरा लिहितेय, पण सगळ्यांचा एकेक शब्द घरात मोठ्याने वाचला. हिवराची पोस्ट नवऱ्याने दोनदा वाचली.

ठरलं ते असं. ऑर्केस्ट्रा पहिल्या तासाला असतो, तो राहणार. केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस शाळेतच, एपी. कॉलेजात क्वार्टरला एकच वर्ग, आणि पहिला इंग्लिश& 101, कारण तो जवळपास सगळीकडे धरतात. कॅस्केडिया कॉलेज बसच्या अंतरावर आहे आणि दुपारचा वर्ग मिळाला तर जेवणाची सुट्टी मैत्रिणींबरोबर. बारावीत वाढवायचं की नाही ते ती पुढच्या वसंतात ठरवेल. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि कॉलेज महिनाअखेरीस सुरू होतं, तेव्हा रुळायला मधले तीन आठवडे आहेत. एडिसनवासी, तुमचा प्रश्न आम्ही तीन विद्यापीठांना लिहून पाठवला. दोघांकडून लेखी उत्तर आलं, तिसऱ्याची वाट बघतोय.

कंसातलं गणित सरांची कसोटी मी लेकीला वाचून दाखवली होती. ती काही बोलली नाही. काल शाळेतून आली आणि कॉलेजच्या कार्यालयाला तिने स्वतः फोन लावला. प्लेसमेंटला (कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवायला) शाळेची ग्रेड चालते का, फॉर्म कधीपर्यंत, काउन्सेलरची सही दर क्वार्टरला लागते का, सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. मी ओट्यापाशी उभी होते. तिने फोन स्पीकरवर ठेवला नव्हता, त्यामुळे पलीकडचं काही ऐकू आलं नाही. ती अठराची नाही म्हणून फॉर्मवर पालकाच्या सहीला जागा आहे, तेवढी मी केली.